५०पैकी ४६ गुण, तरी उतारा का कळत नाही?

कोथरूडला अकरावी-बारावीच्या मुलांचा इंग्रजीचा क्लास घेणाऱ्या एका ताईंचा प्रश्न असा आहे: वर्गात पस्तीस मुलं, बहुतेक दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. दर शनिवारी ५० शब्दांची चाचणी होते. इंग्रजी शब्द द्यायचा, मुलांनी मराठी अर्थ लिहायचा. मुलांना ४५-४६ गुण पडतात. पण न पाहिलेला उतारा समोर आला की तीच मुलं गडबडतात. मग कच्चं काय आहे, शब्द की आकलन? आणि ते तपासायचं कसं?

ताई, मी पुण्यातच गेली २६ वर्षं अशाच मुलांना इंग्रजी शिकवते, त्यामुळे तुमचा शनिवार मला डोळ्यांसमोर दिसतो. दोन्हीकडे थोडं थोडं कच्चं आहे. पण नेमकं कुठे, ते तुमच्या चाचणीतून कळणार नाही. त्या ४६ गुणांवरून एवढंच कळतं की शुक्रवारी रात्री यादी पाठ झाली होती. चाचणी अशी हवी की तिच्यातली चूक बघून सोमवारी काय शिकवायचं ते तुम्हाला ठरवता यावं.

एक उदाहरण देते. पुण्यातल्या जुन्या शाळांवरचा एक छोटा उतारा मी वर्गात दिला होता. त्यात वाक्य होतं, ‘न्यू इंग्लिश स्कूल वॉज फाउंडेड इन १८८०.’ चिपळूणकर आणि टिळकांनी शाळा काढली हे मुलांच्या कानावरून गेलेलं. तरी एका हुशार मुलीने लिहिलं, ‘न्यू इंग्लिश स्कूल १८८० साली सापडली.’ मी तिला जवळ बोलावून विचारलं, तर तिने घडाघडा म्हणून दाखवलं: फाइंड, फाउंड, फाउंड, सापडणे. क्रियापदांची तीन रूपं तिला तोंडपाठ होती. शेवटचं ‘एड’ तिला दिसलं होतं, पण ‘छापताना चुकलं असेल’ असं तिला वाटलं. शाळा सापडते कशी, हा प्रश्न तिला पडला नाही, कारण इंग्रजी वाक्याला काही अर्थ असलाच पाहिजे अशी तिची अपेक्षाच नव्हती. शब्द आणि आकलन कुठे जोडलेले आहेत, ते मला त्या दिवशी लख्ख दिसलं.

यादीतून शब्द विचारला की मूल पाठ केलेला एकच अर्थ लिहितं. वाचताना मात्र शब्द शेजारच्या शब्दांचा हात धरून येतो. म्हणून पहिला बदल हाच करा: एकही शब्द सुटा विचारू नका. वाक्य द्या, शब्दाखाली रेघ मारा आणि या वाक्यात त्याचा अर्थ काय ते विचारा. वाक्य मात्र अर्थ फोडून सांगणारं नसावं. ‘ही वॉज थर्स्टी, सो ही ड्रँक वॉटर’ यात थर्स्टी न येणारं मूलही ‘तहान’ लिहून मोकळं होतं.

आता शब्द निवडायचे कुठून? अप्पा बळवंत चौकात स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत अवघड शब्दांच्या याद्या मिळतात, आणि क्लासच्या चाचण्या बहुतेक त्यातूनच निघतात. मला याचं फार वाईट वाटतं. ‘बडबड्या’साठी असलेला ‘लोक्वेशस’ पाठ असलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्याच मुलांचं ‘हार्डली’वर अडलेलंही पाहिलं आहे. ‘शी हार्डली स्लेप्ट दॅट नाइट’ याचा अर्थ वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी ‘ती त्या रात्री गाढ झोपली’ असा लिहिला. खरा अर्थ ‘जेमतेम झोपली’. पण मुलांचा हिशेब असा: हार्ड म्हणजे जोरात, म्हणून हार्डली म्हणजे अजून जोरात. वाक्याचा अर्थ उलटा झाला आणि पुढचा सगळा उतारा उलटा वाचला गेला. ‘अनलेस’, ‘दो’, ‘फ्यू’, ‘स्टिल’, ‘इव्हन’, ‘रादर’ हे शब्द कोणत्याच यादीत नसतात, कारण ते अवघड दिसत नाहीत. उतारा पडतो तो मात्र यांच्यापाशीच.

म्हणून शब्द वापराच्या वारंवारतेवरून घ्यावेत. यासाठी मायकेल वेस्ट यांची १९५३ची सुमारे २,००० शब्दांची यादी आजही पायाला चालते. वेस्ट ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षणाचं काम करत होते, म्हणजे ही दृष्टी आपल्यासारख्याच वर्गांतून आलेली आहे. पुढे अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २०००मध्ये अभ्यासाच्या पुस्तकांत वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुळांची यादी केली, ती तुमच्या बारावीच्या मुलांना पुढल्या वर्षी लागेल. शब्दकुळ म्हणजे एका मूळ शब्दाची सगळी भावंडं: हेल्प, हेल्प्ड, हेल्पफुल, हेल्पलेस.

एकूण किती शब्द येतात याचा अंदाज हवा असेल तर पॉल नेशन आणि डेव्हिड बेग्लर यांची २००७ची चाचणी बघा. इंग्रजीत सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या पहिल्या १४,००० शब्दकुळांचे हजाराहजाराचे चौदा थर, प्रत्येक थरातून दहा शब्द, म्हणजे १४० प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. एक उत्तर बरोबर आलं की १०० शब्दकुळं येतात असं धरायचं. तुमच्या मुलांना चौदा थर देऊ नका, पहिले तीन-चार पुरे. आणि पर्याय मराठीत द्या. इंग्रजीत दिलेले पर्याय विचारलेल्या शब्दाहून अवघड असले की मूल शब्दावर नाही, पर्यायावर अडतं.

चार पर्याय असले की नशिबाचा वाटा आठवणीत ठेवा. ४० प्रश्नांतले २० मुलाला खरंच येत असतील, तर उरलेल्या २०मध्ये डोळे मिटून खुणा केल्या तरी साधारण पाच बरोबर येतात. कागदावर २५ दिसतात, आहेत २०.

मराठीत रुळलेल्या इंग्रजी शब्दांचाही एक फुगवटा असतो. डॉक्टर, पेट्रोल, सिग्नल, स्टेशन हे शब्द मुलाला इंग्रजीमुळे येत नाहीत, ते घरचेच आहेत. असे शब्द चाचणीत ठेवून गुण वाढवण्यात काही अर्थ नाही. पण त्यातलेच काही घरात एका अर्थाने आणि पुस्तकात दुसऱ्या अर्थाने वावरतात, ते मी मुद्दाम विचारते. ‘द रूम वॉज अ मेस’, म्हणजे खोलीत नुसता पसारा होता, हे वाक्य दिलं तेव्हा गावाकडून शिकायला आलेल्या, सदाशिव पेठेत खोली घेऊन राहणाऱ्या एका मुलाने लिहिलं, ‘त्या खोलीत खानावळ होती.’ त्याचं रोजचं जेवण मेसमध्येच असे, त्याला दुसरं काय सुचणार! तसंच हॉटेल. आपण मिसळ खायला हॉटेलात जातो, इंग्रजी उताऱ्यातली माणसं हॉटेलात उतरतात. ‘दे लेफ्ट द हॉटेल ॲट डॉन’ म्हटलं की आमच्या मुलांना वाटतं, एवढ्या पहाटे नाश्ता उरकला.

पर्याय बनवायची माझी पद्धत सांगते, कारण इथेच बहुतेक चाचण्या बिघडतात. टेबलाशी बसून चुकीचे पर्याय रचू नका. आधी तोच प्रश्न पर्यायांशिवाय एका तुकडीला द्या आणि त्यांनी लिहिलेली चुकीची उत्तरं वहीत उतरवून ठेवा. ‘सापडली’, ‘गाढ झोपली’, ‘खानावळ होती’ हेच पुढच्या वर्षीचे पर्याय. ते मुलांच्याच डोक्यातून आलेले असल्यामुळे न कळलेलं मूल तिथेच जातं, आणि कोणत्या पर्यायावर खूण केली यावरून तुम्हाला कारणही कळतं. माझ्याकडे अशा चुकांच्या सात वह्या आहेत. शिकवण्याच्या कामातली माझी खरी पुंजी तीच.

पस्तीस मुलांचा पाच मिनिटांत अंदाज हवा असेल तर आणखी एक सोपी रीत आहे, पॉल मीरा यांनी ती रूढ केली. शब्दांची यादी द्यायची आणि मुलांनी ‘येतो’ किंवा ‘येत नाही’ एवढंच लिहायचं. यादीत काही शब्द खोटे घालायचे, इंग्रजीसारखे दिसणारे पण इंग्रजीत नसलेले, उदाहरणार्थ ‘ब्रॅन्टिश’. ४० खरे, २० खोटे असं प्रमाण मी ठेवते. खोट्या शब्दांपुढे बरेच ‘येतो’ आले की त्या मुलाच्या बाकीच्या ‘येतो’वरही तेवढाच विश्वास ठेवायचा. हे मुलांना आधी सांगून टाका, नाहीतर फसवल्यासारखं वाटतं.

आता उताऱ्याकडे येते. जरा हे वाक्य वाचा: ‘काल दुपारी एका झुबऱ्याने लपटीत तीन मुगडे टेंबले, म्हणून सगळे ढोसकर खिरमटले.’ आता उत्तरं द्या. झुबऱ्याने किती मुगडे टेंबले? तीन. कुठे टेंबले? लपटीत. ढोसकर का खिरमटले? झुबऱ्याने मुगडे टेंबले म्हणून. तीनपैकी तीन गुण, आणि तुम्हाला एक अक्षर कळलेलं नाही. मलाही नाही, कारण हे शब्द मी आत्ताच बनवले.

आपल्या वर्गांत उताऱ्याखाली विचारले जाणारे कितीतरी प्रश्न असेच असतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, ते वाक्य उचलायचं, उत्तरात ठेवायचं. मुलं यात तरबेज झालेली असतात, आणि आपण त्याला आकलन म्हणतो. म्हणून प्रश्नात उताऱ्यातलेच शब्द परत वापरू नका. आणि उत्तर इंग्रजीत मागू नका.

हे दुसरं वाक्य अनेक शिक्षकांना पटत नाही, पण माझा याच्यावर ठाम विश्वास आहे. तपासायचं वाचन आहे ना? मग वाचनच तपासा. इंग्रजीत उत्तर मागितलं की लेखन, स्पेलिंग, व्याकरण सगळं एका गुणात मिसळतं आणि मूल कुठे अडलं ते कळत नाही. एकदा हा उतारा दिला होता: ‘द कंडक्टर लुक्ड ॲट द पास, देन ॲट द बॉय, अँड हँडेड इट बॅक विदाउट अ वर्ड. द बॉय गॉट डाउन ॲट द नेक्स्ट स्टॉप.’ मुलगा पुढच्याच स्टॉपला का उतरला असेल, असा प्रश्न. एका मुलाने इंग्रजीत उत्तर लिहिलं: ‘द बॉय गॉट डाउन ॲट द नेक्स्ट स्टॉप.’ वाक्य जसंच्या तसं उचललेलं, शून्य गुण. आठवड्याने तोच कागद त्याला परत दिला आणि म्हटलं, मराठीत लिही. त्याने लिहिलं, ‘पासची मुदत संपली असेल. कंडक्टर चांगला होता, सगळ्यांसमोर काही बोलला नाही. म्हणून मुलालाच लाज वाटली आणि तो उतरला.’

मी तो कागद जपून ठेवला आहे. त्या मुलाला दोन वर्षं मी ‘आकलन कच्चं’ म्हणत आले होते. त्याचं आकलन माझ्या वर्गात सगळ्यात चांगलं होतं, त्याच्याकडे ते सांगायला इंग्रजी वाक्य नव्हतं. त्याच्या शेजारच्या मुलीने मात्र मराठीत लिहिलं, ‘पासवर शब्द नव्हता म्हणून परत दिला.’ ‘विदाउट अ वर्ड’ तिने पासला जोडलं होतं. इंग्रजी उत्तरांत ही दोन मुलं सारखीच दिसत होती. एकाला लिहायला शिकवायचं होतं, दुसरीला वाक्याचे तुकडे कुठे पाडायचे ते.

बोर्डाच्या परीक्षेत उत्तर इंग्रजीतच लिहावं लागतं हे मला मान्य आहे. त्याचा सराव वेगळा घ्या, त्याला वेगळे गुण द्या. परदेशी शिकायला जाण्यासाठी द्यायच्या आयल्ट्ससारख्या इंग्रजीच्या परीक्षेतही वाचनाच्या ६० मिनिटांत ४० प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरं खूण करून किंवा मोजक्या शब्दांत द्यायची असतात, लेखनाचा पेपर वेगळा असतो. आणि मुलांना वाचन-गणित किती येतं ते घरोघरी जाऊन तपासणाऱ्या ‘असर’च्या सर्वेक्षणात, ज्या वर्षी इंग्रजीची तपासणी होते, तेव्हा वाचलेल्या शब्दाचा आणि वाक्याचा अर्थ मुलाला त्याच्या भाषेत सांगू देतात.

प्रश्न कसले विचारावेत? ‘इट’ म्हणजे काय, ‘दे’ म्हणजे कोण, हे विचारा. दिसायला क्षुल्लक प्रश्न आहे, पण वरच्या उताऱ्यात कंडक्टरने काय परत दिलं ते ज्याला कळलं त्यालाच पुढचं कळणार. कोणी कोणाला मदत केली, हे कर्मणी वाक्यावर विचारा. ‘द बॉय वॉज हेल्प्ड बाय द कंडक्टर’ यात मुलानेच मदत केली असं वाचणारी मुलं बारावीतही सापडतात, कारण ती पहिल्या नामाला कर्ता धरून चालतात. आणि प्रत्येक उताऱ्यावर एक तरी प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर उताऱ्यात लिहिलेलं नाही पण उताऱ्यावरूनच काढता येतं, सोबत ‘कशावरून म्हणता?’ हे विचारायचंच.

प्रश्न तयार झाले की उतारा झाका आणि घरातल्या कुणाला तरी नुसते प्रश्न सोडवायला द्या. मी एकदा पर्यावरणावरच्या उताऱ्याचे दहा प्रश्न माझ्या भाचीला उताऱ्याशिवाय दिले, तिने सहा बरोबर सोडवले. झाडं लावावीत की तोडावीत याला उतारा कशाला वाचायचा! ते सहाही प्रश्न मी काढून टाकले. विषयाची आधीची माहिती किती पुढे नेते यावर रेक्ट आणि लेस्ली यांचा १९८८चा अमेरिकेतला अभ्यास आहे: सातवी-आठवीतल्या मुलांना बेसबॉलच्या सामन्यावरचा उतारा दिला, तेव्हा वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं वाचनात पक्क्या पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. आपल्याकडे पालखीवरचा उतारा दिला तर पुण्यातलं पोर न वाचता उत्तरं देईल, आणि बर्फ उपसण्यावरचा दिला तर वाचूनही देणार नाही. ओळखीचं जग पण अनोळखी गोष्ट, असे उतारे मी शोधते, नाही मिळाले तर स्वतः लिहिते.

उतारा मुलांच्या आवाक्यातला आहे का, हेही आधी बघावं लागतं. हू आणि नेशन यांच्या २०००च्या अभ्यासातून १००पैकी ९८ शब्द ओळखीचे असावेत हा आकडा पुढे आला. लॉफर यांनी त्याआधी, १९८९मध्ये, ९५ची मर्यादा मांडली होती. म्हणजे २०० शब्दांच्या उताऱ्यात चार शब्द नवे असले तर मूल स्वतःच्या बळावर वाचतं, दहा असले तर धापा टाकत, आणि वीस असले तर ते वाचत नाही, अंदाज बांधतं. मुलांना न येणाऱ्या शब्दांखाली रेघ मारायला सांगा. पण त्यावर पूर्ण विसंबू नका. ‘फाउंडेड’खाली त्या मुलीने रेघ मारली नव्हती.

प्रश्न काढायला वेळ नसेल त्या आठवड्यात क्लोझ चाचणी घ्या. विल्सन टेलर यांनी १९५३मध्ये ती मांडली. पहिलं आणि शेवटचं वाक्य अखंड ठेवून मधला दर सातवा शब्द गाळायचा. गाळलेला नेमका शब्दच यावा असा हट्ट मी धरत नाही, वाक्यात बसणारा कुठलाही चालतो. गाळलेल्या जागा ३०च्या आसपास हव्यात, त्याहून फार कमी असतील तर निकालावर भरवसा ठेवता येत नाही.

एक गोष्ट मात्र लेखी चाचणीत कळत नाही. काही मुलांना अक्षरं जुळवून वाचण्यातच इतकी शक्ती लागते की अर्थाकडे लक्षच उरत नाही. गॉफ आणि टनमर यांनी १९८६मध्ये हे गुणाकाराच्या रूपात मांडलं: अक्षर-उकल गुणिले भाषेची समज. एक शून्य असलं तर उत्तर शून्य. याचं निदान सोपं आहे. जे मूल उताऱ्यात पडलं, त्याला त्याच अवघडपणाचा दुसरा उतारा तुम्ही सावकाश वाचून दाखवा आणि मराठीत विचारा. ऐकून कळलं तर अडचण अक्षरांत आहे, शब्दांत नाही. ऐकूनही कळलं नाही तर शब्द आणि वाक्यरचनेकडे वळा. पस्तीस मुलांतली सात-आठच अशी तपासावी लागतील, रोज दोघांना दहा मिनिटं थांबवून घ्या. मुलाने मोठ्याने वाचल्या वाचल्या लगेच अर्थ विचारू नका, त्याचं सगळं लक्ष उच्चार सांभाळण्यात गेलेलं असतं.

चाचणी झाल्यावर तुमच्या प्रश्नांचीही तपासणी करा. कागद एकूण गुणांनी लावा, वरचे दहा आणि खालचे दहा बाजूला घ्या. प्रत्येक प्रश्न वरच्यांत कितींनी सोडवला, खालच्यांत कितींनी, एवढं मोजा. खालच्यांनी वरच्यांपेक्षा जास्त सोडवला असेल तर दोष बहुधा प्रश्नात आहे. माझा ‘उताऱ्याला योग्य शीर्षक निवडा’ हा प्रश्न असाच सापडला. वरच्या दहांतल्या सात जणींनी दुसरा पर्याय निवडला होता. त्यांच्याशी बोलल्यावर लक्षात आलं की तो माझ्या उत्तराहून चांगला होता. सगळ्यांचे गुण वाढवून दिले.

या शनिवारी ५०ऐवजी २० शब्द घ्या, वाक्यांत, आणि त्यातले आठ तीन आठवड्यांपूर्वी झालेले असू द्या. आदल्या रात्रीच्या पाठांतराचा उपयोग तिथे होत नाही. गुण घसरतील, पालक विचारायला येतील. त्यांना गुणांचा कागद दाखवू नका. प्रत्येक मुलाचं एक पान ठेवा, तारीख, वाक्य आणि त्याने लावलेला अर्थ, एवढंच लिहिलेलं, आणि ते पान दाखवा. सापडलेल्या शाळेचं पान मी त्या मुलीच्या आईला दाखवलं होतं. त्या घरकाम करतात, इंग्रजी येत नाही. त्यांनी ते वाचलं आणि लेकीला विचारलं, ‘अगं, शाळा हरवली कधी होती?’